उठाव आधी की कायदा? परळच्या एका अभ्यासवर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

परळमध्ये एका जुन्या कामगार संघटनेच्या इमारतीत रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरतो. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनची ही पद्धत आहे. आता येणाऱ्यांमध्ये निवृत्त कामगार कमी आणि त्यांची नातवंडं जास्त असतात. शिवाय स्पर्धा परीक्षेची मुलं, बँकेतले, शाळांतले, इस्पितळांतले लोकही येतात. आम्ही काही जण मिळून वर्ग चालवतो. त्या हंगामाचा विषय होता ‘भूसुधारणा आणि राजकीय क्रांती’. जमिनीचं वाटप क्रांती घडवतं की क्रांती टाळतं, हा एकच प्रश्न धरून पुढे जायचं ठरलं होतं.

त्या वर्गात काय घडलं, आम्ही काय ठरवलं आणि त्यातून काय निघालं, हे इथे मांडतो आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुख्य मांडणी एका निवृत्त प्राध्यापकांची होती. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्यात क्रांतीने जमीन वाटली ते देश: फ्रान्स, मेक्सिको, रशिया, चीन. दुसऱ्यात सरकारने कायद्याने वाटली ते: जपान, तैवान आणि आपण. जपानमध्ये १९४६ चा कायदा अमेरिकी लष्करी अंमलाखाली झाला आणि कुळांकडे (दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांकडे) असलेली शेतजमीन ४६ टक्क्यांच्या आसपास होती ती १० टक्क्यांवर आली. तैवानमध्ये, चीन हातचा जात असताना तिथे सरकलेल्या कुओमिन्तांगने, म्हणजे चीनच्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने, १९४९ मध्ये खंडाला पिकाच्या ३७.५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९५३ मध्ये कुळांना मालकी दिली. मुख्य भूमीवर जे केलं नाही म्हणून सत्ता गेली, तेच तिथे केलं. (ते तिथे सोपंही होतं, कारण तैवानचे जमीनमालक हे सत्ताधाऱ्यांचे सगेसोयरे नव्हते.) सरांचा निष्कर्ष असा: राज्यकर्त्याने वेळेवर जमीन दिली की क्रांती ओसरते.

हा निष्कर्ष उथळ नाही. तेलंगणात १९४६ ते १९५१ सशस्त्र लढा चालला आणि एप्रिल १९५१ मध्ये त्याच प्रदेशात, पोचमपल्लीला, विनोबांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, नववं परिशिष्ट आलं आणि त्यात सुरुवातीलाच मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा घातला गेला, म्हणजे कोर्टात तो मूलभूत हक्कांच्या आधारे पाडता येऊ नये. दिल्लीतल्या लोकांना तेलंगण आणि चीन दोन्ही दिसत होते.

प्रश्न कुठे उभा राहिला

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ज्या रविवारचा विषय होता, तो रविवार आला. त्या तारखेला कायद्याने कुळ हेच कसत्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. लालबागचे एक निवृत्त गिरणी कामगार, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, समाधानाने म्हणाले, “सर, तुमचं बरोबर आहे. आम्हाला कुठे क्रांती करावी लागली? कायदा आला आणि जमीन आमची झाली.”

पार्ल्याच्या एक निवृत्त शिक्षिका, बाई, पुढच्या बाकावर होत्या. त्यांचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, खोतांचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचं. “तात्या, तुमची झाली म्हणजे आमची गेली,” त्या म्हणाल्या. “माझी आजी विधवा होती. तिला विचारलं का कुणी?”

मागून एका मुलाने हात वर केला. तो तलासरीचा, अंधेरीत नोकरी करतो. “सर, आमच्याकडे तलवाड्याला गोळीबार झाला. पाच माणसं मेली. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

मग आवाज चढले. कुणीतरी बाईंना “खोतांनी काय काय केलं ते आम्ही सांगू का?” असं म्हणालं आणि बाई पिशवी उचलून निघून गेल्या. पुढच्या रविवारी आणखी काही खुर्च्या रिकाम्या होत्या.

चालवणाऱ्यांच्या बैठकीत आधी चर्चा झाली ती वागण्याची: कुणी कुणाला काय बोलावं, सूत्रधाराने कधी थांबवावं. माझ्या मते खरी अडचण त्या मुलाच्या प्रश्नात होती. आपला कायदा ‘शांततेने झालेल्या’ रकान्यात बसतच नव्हता. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेतं पडीक ठेवली, उपास काढले, पण खोताची जमीन पेरली नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी बोटींनी मुंबईत उतरले आणि त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ चा कुळकायदा त्यानंतर आला. मग १९४५ मध्ये उंबरगाव, डहाणू, तलासरीत गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारल्यांनी वेठबिगार नाकारली, लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे बांधले गेलेले गडी) मोकळे झाले, ऑक्टोबरात तलवाड्याचा गोळीबार झाला. १९४८ चा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि १५ मे १९५० पासून कोकणातली खोती कायद्याने संपली.

दुसरीकडे फ्रान्स. जुलै १७८९ मध्ये शेतकऱ्यांनी गढ्यांवर हल्ले केले आणि सरंजामी देण्यांची दप्तरं शोधून शोधून जाळली. ४ ऑगस्टच्या रात्री तिथल्या राष्ट्रीय सभेने घाईने सरंजामी हक्क रद्द केल्याची घोषणा केली, ती गावं शांत व्हावीत म्हणून. पण बारीक वाचलं तर बरीचशी देणी पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. ती विनामोबदला रद्द झाली जुलै १७९३ मध्ये, आणि मधली चार वर्षं शेतकऱ्यांनी ती भरायला नकार दिला होता. मग फ्रान्स कुठल्या रकान्यात? कायद्याच्या की उठावाच्या?

समोरचे पर्याय

ठरलेला क्रम चालू ठेवावा, घरगुती गोष्टी वर्गाबाहेर ठेवाव्यात, असं सरांचं मत होतं. त्यात तथ्य होतं. विषय जगाचा आहे आणि प्रत्येकाच्या आजीची जमीन मधे आली तर चीनपर्यंत पोचायचंच नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही अर्धं पटतं.

वादसभा घ्यावी असंही सुचवलं गेलं, एका बाजूने ‘घडवते’, दुसऱ्या बाजूने ‘टाळते’. गर्दी झाली असती, पण तेच दोन रकाने पुन्हा बोलायला लागले असते. ते लगेच बाजूला पडलं.

फक्त महाराष्ट्र घ्यावा, बाकी देश सोडावेत, हा तिसरा पर्याय बऱ्याच जणांना आवडला होता. त्याविरुद्ध बोलली ती तात्यांची नात. ती कायद्याचं शिक्षण घेते. तिचं म्हणणं असं होतं की फ्रान्समध्ये दप्तरं का जाळली हे कळल्याशिवाय आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तराला एवढं महत्त्व का, हे कळणार नाही. चौथा पर्याय तिनेच मांडला: प्रत्येकाने घरचा सातबारा आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) आणायचे, आणि कागद वाचताना जे प्रश्न पडतील तेच प्रत्येक देशाला विचारायचे.

आम्ही चौथा घेतला. अटी दोन घातल्या. कागदावरची नावं आणि गट नंबर झाकायचे, आणि वर्गात कुणाच्याही पूर्वजांबद्दल दुसऱ्याने बोलायचं नाही, ज्याचे त्यानेच बोलायचं. बाईंकडे आमच्यापैकी दोघी घरी जाऊन आल्या. त्यांनी माफी मागितलीच, शिवाय नव्या पद्धतीचं आमंत्रणही दिलं. बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. एक रविवार सोडून आल्या.

काय केलं

प्रश्न तीन ठरले. कायदा येण्याआधी त्या जागी कोण संघटित होतं? कायदा आल्यावर नोंद कुणी केली, आणि तेव्हा तिथे कोण उभं होतं? मिळालेली जमीन मिळणाऱ्याला राखता आली का?

दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त काम केलं. १९४८ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिलं, पण मालकाला ‘स्वतः कसण्यासाठी’ जमीन परत मागता येत होती आणि कुळ ‘राजीखुशीने’ जमीन सोडू शकत होतं. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली, ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. संरक्षण कागदावर असताना कुळं मोठ्या प्रमाणात जमिनी सोडत होती, आणि त्यातले बरेच राजीनामे राजीखुशीचे मानणं अवघड होतं, हे त्यातून पुढे आलं. वर्गात एका बँक कर्मचाऱ्याने आणलेल्या फेरफारात तेच होतं. १९५३ ची नोंद, ‘कुळाने राजीखुशीने कब्जा सोडला’, खाली अंगठा. जिथे किसान सभा किंवा शेतकरी संघ गावात होता तिथे असा अंगठा घेणं कठीण गेलं. जिथे नव्हता तिथे तोच कायदा त्याच तारखेला लागू असून कुळ उठलं. राज्य एक, कायदा एक, आणि निकाल गावागणिक वेगळा. देशाला एक घटक धरून रकाने आखले की नेमकं हेच दिसेनासं होतं.

बाईंनी आणलेले कागद वेगळं काही सांगत होते. आजी विधवा असल्यामुळे कुळकायद्याच्या कलम ३२ फ खाली कुळाची खरेदी लांबणीवर पडली होती. म्हणजे कायद्याने त्यांच्या आजीचा विचार केलेला होता. बाईंना हे माहीत नव्हतं, घरात ‘कुळांनी घेतली’ एवढंच बोललं जायचं. तरी त्यांचं दुःख खोटं ठरलं नाही. ठरलेली किंमत हप्त्यांनी येत राहिली आणि तोवर पैशाची किंमत उतरली होती. त्यांचे वडील आणि काका मात्र तेव्हाच गिरगावात राहून सरकारी आणि बँकेच्या नोकरीत होते.

इथे तात्या बोलले आणि वर्गाला नवा धागा मिळाला. त्यांचे वडीलही तेव्हा मुंबईत होते, गिरणीत, आणि गावी कुटुंब चालायचं ते मनीऑर्डरवर. म्हणजे खोताचा मुलगा आणि कुळाचा मुलगा दोघंही या शहराच्या पगारावर. जमीन गेली तर खोत उपाशी मरणार नव्हता, आणि जमीन लगेच मिळाली नाही तर कुळही. दक्षिण कोकणातला बदल रक्तपाताशिवाय होण्यात कायद्याइतकाच मुंबईचा वाटा असावा, असं मला त्या दिवसापासून वाटतं. आणि त्याच मुंबईने कुळांचं नुकसानही केलं: कसणारा भायखळ्याला किंवा लालबागला, त्यामुळे पीकपाहणीत नाव दुसऱ्याचंच. १९८२ च्या गिरणी संपात लोक गावी परतले तेव्हा कितीतरी जणांना सातबारा पहिल्यांदा नीट पाहावा लागला.

लगोलग आम्ही इराण घेतला, जो मूळ आखणीत नव्हता. शाहने १९६२-६३ मध्ये जमीनवाटप सुरू केलं आणि त्याला ‘श्वेत क्रांती’ असंच नाव दिलं, लाल क्रांती येऊ नये म्हणून. सरांच्या निष्कर्षाप्रमाणे तिथे क्रांती टळायला हवी होती. १९७९ मध्ये ती झाली. तिची कारणं अनेक होती, जमीन हे त्यातलं एकच. पण वाटप झालं ते ज्यांचा कसण्याचा वहिवाटी हक्क गावात मान्य होता त्यांना. असा हक्क नसलेले शेतमजूर वगळले गेले आणि मोठ्या संख्येने तेहरानच्या कडेच्या वस्त्यांत आले. जमीनदार दुखावले, मौलवी दुखावले, आणि ज्यांना द्यायचं होतं त्यातल्या पुष्कळांच्या हाती काही पडलं नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी ग्वाटेमाला आणि केरळ शेजारी ठेवले. ग्वाटेमालात निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारने १९५२ च्या कायद्याने मोठ्या इस्टेटींची पडीक जमीन सुमारे एक लाख कुटुंबांना वाटली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने सरकार उलथवलं गेलं आणि जमिनी परत काढून घेतल्या. केरळात १९५७ चं नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार जुलै १९५९ मध्ये बरखास्त झालं, कायदा रखडला, पण गावोगावचे शेतकरी संघ टिकले आणि १ जानेवारी १९७० पासून जमीनदारी पद्धत संपली. चीन या दोघांपेक्षा निराळा. १९५० च्या कायद्याने, प्रचंड हिंसेतून, जमीन मिळाली आणि १९५८ पर्यंत ती कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक मालकीत, गेलीही. जिने दिली त्याच सत्तेने घेतली, आणि नाही म्हणू शकेल अशी शेतकऱ्यांची स्वतंत्र संघटना उरलेली नव्हती. यावर दोन रविवार वाद झाला आणि तो मिटला नाही.

मधेच आलेला निर्णय

तात्यांच्या घरच्या एका उताऱ्यात मालक म्हणून जुन्या जमीनमालकाचं नाव आणि ‘इतर हक्क’ रकान्यात तात्यांच्या चुलत्याचं नाव कुळ म्हणून निघालं. “जमीन आमची झाली” असं तात्या इतकी वर्षं मानत होते, पण त्या तुकड्याची कलम ३२ ग ची (कुळाने द्यायची किंमत ठरवण्याची) चौकशी पूर्ण झालीच नव्हती, ३२ म चं खरेदी प्रमाणपत्र निघालंच नव्हतं. तिथेही मालकीण विधवा होती. अशा वेळी नंतर ठरावीक मुदतीत कुळाने खरेदीची नोटीस द्यायची असते, ती दिल्याचा कागद सापडला नाही.

नात तिथल्या तिथे अर्ज लिहायला बसली. वर्गाने तिच्यामागे उभं राहावं असं पुष्कळांना वाटलं. मी आणि आणखी एकीने विरोध केला. मुदत, वारस आणि प्रत्यक्ष कब्जा या तिन्हींवर निकाल फिरतो, आणि अर्धवट अर्जाने असलेला हक्कही अडचणीत येऊ शकतो. शिवाय गावात ती जमीन आज तात्यांचे चुलत भाऊ कसतात, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वर्गाने कागद जमवायला मदत करायची, महसुली प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांशी गाठ घालून द्यायची आणि तिथे थांबायचं, असं ठरलं.

काय निष्पन्न झालं

तात्यांच्या नातीने चुलत काकांना बरोबर घेऊन तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. प्रकरण प्रलंबित आहे. काका आधी रागावले होते, “मुंबईवाले आता जमिनीवर आले” असं गावात बोललं गेलं, आणि ते शांत व्हायला गणपतीची सुट्टी लागली. बाई शेवटपर्यंत आल्या. उठून गेलेल्यांपैकी दोघं परत आले नाहीत.

सरांनी रकाने पुसले, मत पूर्ण बदललं नाही. उठावाच्या भीतीने सरकारं हलतात हे ते अजून म्हणतात, मीही म्हणतो. आमचा मतभेद पुढच्या टप्प्यावर आहे. भीती कायदा मंजूर होईपर्यंत पुरते. मंजूर झालेला कायदा तलाठ्याच्या वहीत उतरवायला गावात रोज उभी असणारी माणसं लागतात, आणि ती उठावातून तयार झालेली असोत की संपातून, ती नसतील तर क्रांतीनंतरची जमीनही हातातून जाते.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आणायला सांगितलं त्या पहिल्याच रविवारी चेंबूरच्या एक परिचारिका काही न आणता आल्या. सगळ्यांचे उतारे वाचून होईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या आजोबांच्या नावावर कधी सातबारा नव्हताच. ते दुसऱ्याच्या शेतावर राबले. तुमच्या खोताकडेही आणि तुमच्या कुळाकडेही.” त्यांचं गाव मराठवाड्यातलं. घरचे आज गायरानाचा तुकडा कसतात आणि सरकारी भाषेत ते अतिक्रमण आहे.

आमच्या पद्धतीने तेच केलं होतं जे कुळकायद्याने केलं आणि इराणच्या वाटपानेही: ज्याची नोंद आहे त्यालाच बोलावलं. ‘कसेल त्याची जमीन’ यातला कसणारा म्हणजे कुळ. मजूर कसतो, पण तो कुळ नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले, तो याच वगळलेपणाविरुद्ध. आमच्या आखणीत तो शेवटच्या रविवारी, तासाभरापुरता होता. तलासरीच्या मुलाच्या घरीही उतारा नव्हता, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा होता, आणि तोही आम्ही विचारल्यावरच त्याने दाखवला. परिचारिकाबाईंशी आधी बोलणं झालं असतं तर प्रश्न तीन ऐवजी चार झाले असते, आणि चौथा पहिल्या क्रमांकावर आला असता: यादीत कोण नाही?

स्त्रियांचंही तसंच. झाकलेल्या नावांमुळे एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, की आणलेल्या कागदांत विधवा सोडल्या तर बाईचं नाव जवळपास नव्हतं. तात्यांच्या अर्जात त्यांच्या चुलत बहिणींची नावं वारस म्हणून घालायची का, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत. नात घालायचीच म्हणते.

पुढच्या हंगामाची आखणी झाली आहे. पहिला रविवार १९६४ च्या सत्याग्रहाचा आहे आणि तो परिचारिकाबाई घेणार आहेत. त्यांनी एक अट घातली आहे, की त्या दिवशी कुणीही सातबारा आणायचा नाही. चीनला पूर्ण चार रविवार दिले आहेत.